विक्रेत्याची शिफारस आणि समीक्षाव्यवहार : मावळच्या वाचनाच्या संदर्भात

१

मराठी समीक्षेचा अभ्यास करताना प्रस्तावना, नियतकालिकांतील परीक्षणे, टीकालेख आणि प्रबंध ही साधने सामान्यतः विचारात घेतली जातात. पुस्तक वाचकाच्या हाती पडण्याच्या वेळी त्याच्याविषयी जो अभिप्राय उच्चारला जातो, तो मात्र या अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिला आहे. हा अभिप्राय बहुधा ग्रंथविक्रेत्याचा असतो. तो तोंडी दिला जातो, क्वचित एखाद्या सूचिपत्रात दोन ओळींच्या रूपाने छापला जातो, आणि त्याचे काम होताच विसरला जातो. तो विक्रीच्या हेतूने दिलेला असल्यामुळे त्याला समीक्षा म्हणणे अभ्यासकांना अवघड वाटते. परंतु कोणत्या पुस्तकांना वाचक मिळाला आणि कोणत्यांना मिळाला नाही, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाचा असेल, तर ज्या अभिप्रायाने हा निर्णय पुष्कळदा होतो त्याची उपेक्षा करणे योग्य ठरणार नाही.

प्रस्तुत लेखात स्वतंत्र ग्रंथविक्रेत्याच्या शिफारशीचे स्वरूप प्रथम पाहावयाचे आहे. त्यानंतर मराठीतील काही उदाहरणे तपासून, पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व लोणावळा या परिसराच्या आधारे त्या शिफारशीचे मोल ठरवावयाचे आहे. विक्रेत्याची शिफारस दोन अटींवर समीक्षेच्या योग्यतेला पोहोचते, असे या विवेचनाचे प्रतिपाद्य आहे. शिफारस करणाऱ्याने त्या पुस्तकाची जोखीम स्वतः उचललेली असली पाहिजे, आणि ज्याला शिफारस करावयाची त्या वाचकाचे जीवन त्याला परिचित असले पाहिजे. यांपैकी एक अट सुटली की शिफारशीची जाहिरात होते. दोन्ही सुटल्या की तिची नुसती यादी उरते.

२

परीक्षण आणि शिफारस यांतला पहिला भेद काळाचा आहे. नवे पुस्तक दुकानात येते तेव्हा त्यावर परीक्षण आलेले नसते. मराठीत ते येण्यास बहुधा काही महिने लागतात, आणि अनेक पुस्तकांच्या वाट्याला ते येतच नाही. या मधल्या काळात पुस्तकाविषयी बोलणारा पहिला तटस्थ मनुष्य म्हणजे विक्रेता. लेखक आणि प्रकाशक त्याच्या आधी बोललेले असतात, पण त्यांच्या बोलण्यास तटस्थ म्हणता येत नाही.

दुसरा भेद संबोधनाचा. परीक्षणकार अपरिचित वाचकसमूहाला उद्देशून लिहितो. त्यामुळे पुस्तकाचे परंपरेतील स्थान, त्याची रचना, त्याच्या लेखकाचे पूर्वीचे लेखन यांकडे त्याची दृष्टी वळते. विक्रेता समोर उभ्या असलेल्या एका माणसाशी बोलतो. हा मनुष्य मागच्या महिन्यात काय घेऊन गेला, त्यातले काय त्याला रुचले, त्याच्या खिशाला किती झेपेल, हे त्याला ठाऊक असते. त्याच्या अभिप्रायात पुस्तकाइतकाच वाचकाचाही अर्थ लावलेला असतो. रसग्रहणाच्या चर्चेत ज्याला आपण सहृदय म्हणतो, तो येथे कल्पित नसून प्रत्यक्ष असतो.

तिसरा भेद नापसंतीच्या संबंधात आहे. परीक्षणकार दोषदिग्दर्शन करतो. विक्रेता सहसा ते करीत नाही. त्याची नापसंती त्याच्या मौनात असते. जे पुस्तक तो मागवीत नाही, मांडणीत मागे सारतो, किंवा ज्याविषयी विचारले असता नुसती किंमत सांगतो, त्याबद्दलचे त्याचे मत जाणकार गिऱ्हाईक ओळखते. हे मौन कागदावर उतरत नाही, आणि त्यामुळेच शिफारशींचा इतिहास लिहिताना अर्धा पुरावा आरंभीच नाहीसा झालेला असतो.

चौथा भेद जोखमीचा, आणि तो निर्णायक आहे. परीक्षणकाराचा अभिप्राय चुकला तर त्याची प्रतिष्ठा थोडी उणावते. विक्रेत्याचा अभिप्राय चुकला तर फळीवर प्रती पडून राहतात आणि फसलेले गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही. येथे स्वतंत्र या विशेषणाचा अर्थ स्पष्ट होतो. जो प्रकाशकाचा नोकर नाही, ज्याला कोणते पुस्तक दर्शनी ठेवावयाचे याची आज्ञा वरून येत नाही, आणि जो स्वतःच्या भांडवलावर प्रती घेतो, तो स्वतंत्र विक्रेता होय.

अन्य देशांत या व्यवसायाने आपली निवड जाहीर करण्याच्या रीती घडविल्या आहेत. फ्रान्समध्ये १९५५ पासून ग्रंथविक्रेत्यांचे स्वतःचे वाङ्मयीन पारितोषिक दिले जाऊ लागले. त्याच देशात १९८१ च्या कायद्याने नव्या पुस्तकांवरील सूट पाच टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. परिणामतः लहान दुकानाला मोठ्या दुकानाशी किमतीत स्पर्धा करावी लागत नाही आणि निवडीच्या गुणावर उभे राहता येते. अमेरिकेत स्वतंत्र विक्रेत्यांच्या संघटनेने १९९९ पासून सभासदांनी सुचविलेल्या नव्या पुस्तकांची यादी काढण्यास आरंभ केला. २००८ पासून ती नव्या नावाने प्रसिद्ध होऊ लागली. याच्या उलट बाजूचे उदाहरण इंग्लंडचे आहे. तेथील वॉटरस्टोन्स या मोठ्या दुकानसाखळीत दर्शनी जागेसाठी प्रकाशक पैसे मोजीत असत. २०११ मध्ये व्यवस्थापन हाती घेतल्यावर जेम्स डाँट यांनी ही प्रथा बंद केली आणि निवडीचा अधिकार त्या त्या दुकानातील माणसांकडे दिला. दर्शनी फळी विकत घेता येत असेल तोवर तिच्यावरील पुस्तकाला शिफारस म्हणता येत नाही, हे या निर्णयामागील तत्त्व आहे. दुकान साखळीतले असले तरी निवड स्वतंत्र असू शकते, हेही त्यातून दिसते.

३

मराठी प्रदेशात कायद्याचे असे संरक्षण नाही आणि विक्रेत्यांचे पारितोषिकही रूढ झालेले नाही. तरीही शिफारशीची परंपरा येथे क्षीण नव्हती. मुंबईत टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात लहानसा स्टॉल मांडला आणि पुढे तो फोर्ट भागात नेला. ग्राहकाला सूट देण्याबद्दल हे दुकान जितके प्रसिद्ध झाले, तितकेच गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवून पुस्तक सुचविण्याबद्दलही. शानभाग यांना २००३ मध्ये पद्मश्री मिळाली. विक्रेत्याच्या कामाला सार्वजनिक मान्यता मिळण्याचे ते विरळ उदाहरण होय. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर विठ्ठलराव दीक्षित यांनी सुरू केलेल्या इंटरनॅशनल बुक सर्व्हिसने प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्या कित्येक पिढ्यांना नव्या पुस्तकांची वाट दाखविली. या शिफारशी तोंडी होत्या. म्हणून त्यांचे परिणाम दिसतात, शब्द मिळत नाहीत.

शिफारशीला छापील आणि नियतकालिक रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांचे. त्यांनी १९६४ च्या जानेवारीत ‘ललित’ मासिक सुरू केले. पुस्तके, लेखक आणि वाचक यांनाच वाहिलेले हे मासिक विक्रेत्याच्या गरजेतून जन्मले, पण त्याने केवळ आपल्या दुकानाची पुस्तके पुढे केली नाहीत, हे त्याचे वाङ्मयीन महत्त्व. त्यातील ‘चोखंदळ वाचकांची निवड’ या सदराने निवडीचा अधिकार दुकानदाराकडून वाचकाकडे वळविला. जयवंत दळवी यांनी ‘ठणठणपाळ’ या नावाने केलेल्या लेखनाने स्तुतीच्या एकसुरीपणाला विनोदाचा उतारा दिला. जे मौनातच राहावयाचे, ते थट्टेच्या रूपाने बोलले गेले.

तथापि ‘ललित’ची मर्यादाही नोंदविली पाहिजे. कोठावळे विक्रेते होते तसेच प्रकाशकही होते. स्वतःच्या प्रकाशनांविषयी विक्रेता कितपत तटस्थ राहू शकेल, हा प्रश्न व्यक्तीच्या सचोटीचा नसून रचनेचा आहे. मराठीत प्रकाशन आणि विक्री ही दोन कामे एकाच पेढीने करण्याची चाल जुनी आहे. छोट्या बाजारपेठेत ती टाळता येणे कठीण होते. पण तिच्यामुळे स्वतंत्र शिफारस आणि घरची जाहिरात यांच्या सीमारेषा पुसट झाल्या. शिवाय चोखंदळ म्हणून ज्या वाचकांची निवड छापली जाई, ते बहुधा लेखन, अध्यापन किंवा पत्रकारिता या क्षेत्रांतील सुपरिचित वाचक असत. तालुक्याच्या गावी ग्रंथालयाच्या रांगेत उभा राहणारा वाचक त्या निवडीचा मानकरी क्वचितच झाला.

१९७० च्या दशकाच्या मध्यास दिनकर गांगल आणि त्यांचे सहकारी यांनी सुरू केलेल्या ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने वेगळी वाट धरली. येथे वाचकच सभासद होता आणि त्याच्या भरवशावर पुस्तक काढले जाई. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही पुस्तके या मार्गाने वाचकांपर्यंत गेली. प्रस्थापित अभिरुचीला अपरिचित असलेले अनुभवविश्व वाचक स्वीकारतील, असा विश्वास प्रथम निवड करणाऱ्यांनी दाखविला आणि समीक्षेने तो नंतर मान्य केला. शिफारस समीक्षेच्या पुढे जाऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठीत शोधावे लागेल.

४

ही सारी उदाहरणे मुंबई-पुण्याची किंवा तेथून चाललेल्या चळवळींची आहेत. या दोन नगरांच्या मधोमध असलेल्या मावळाकडे वळले असता चित्र बदलते. या तालुक्यात पुस्तक ज्या वाटांनी पोहोचते, त्यांतील तीन वाटा ठळक आहेत.

पहिली वाट रेल्वेची. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये खुला झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटाची चढण पूर्ण होऊन मुंबई व पुणे जोडली गेली. लोणावळ्याचे आधुनिक स्वरूप या मार्गाने घडविले. रेल्वेबरोबर स्थानकावरील पुस्तकांचा स्टॉल आला. १८७७ मध्ये अलाहाबादेस स्थापन झालेल्या व्हीलर कंपनीने या व्यवसायाचे भारतातील वळण ठरविले. तिनेच १८८८ मध्ये रुडयार्ड किपलिंगच्या कथांचे सहा भाग रुपयास एक या दराने काढून प्रवासातले वाचन हा स्वतंत्र प्रकार रूढ केला. स्टॉलवाला अनुभवी असतो, परंतु त्याचे गिऱ्हाईक गाडी सुटेपर्यंतचे. त्याच्या निवडीत सरासरी प्रवाशाचा अंदाज असतो, परिचित वाचक नसतो. वर सांगितलेली दुसरी अट येथे सुटते.

दुसरी वाट संस्थांची. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगाच्या शास्त्रीय अभ्यासात या प्रकाशनांचे स्थान मोठे आहे, आणि त्यांच्यामुळे लोणावळ्याचे नाव दूरदेशीच्या ग्रंथालयांत पोहोचले. पण संस्था आपल्या विषयाचीच पुस्तके पुढे करणार, हे स्वाभाविक आहे. येथे निष्ठा आहे, परंतु निवडीला विस्तार नाही.

तिसरी वाट सार्वजनिक ग्रंथालयांची. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने ग्रंथालयांना अनुदानाची व्यवस्था मिळाली आणि खेड्यापाड्यांत वाचनालये उभी राहिली. हा लाभ थोर आहे. त्याबरोबर शासनमान्य ग्रंथांची यादी आली, आणि अनुदानातून खरेदी करणाऱ्या समितीचे लक्ष यादी व सूट या दोन गोष्टींकडे वळले. यादी करणाऱ्याला पुस्तकाची जोखीम नाही आणि वाचक दिसत नाही. येथे दोन्ही अटी सुटतात. ग्रंथपाल जाणता असेल तर तो या यादीतूनही आपल्या वाचकासाठी पुस्तक शोधून काढतो, आणि अशा वेळी विक्रेत्याचे काम तोच करीत असतो. मात्र ही गोष्ट व्यवस्थेतून घडत नाही. ती एका माणसाच्या आस्थेवर अवलंबून राहते.

५

या अभावाचा परिणाम काय होतो, हे पाहण्यास गो. नी. दांडेकर यांच्या दोन कादंबऱ्या उपयोगी पडतील. दांडेकर (१९१६–१९९८) तळेगाव दाभाडे येथे राहिले. मावळच्या गडकोटांशी आणि माणसांशी त्यांचे नाते जन्मभराचे होते. ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ या १९५५ ते १९६० या काळातील कादंबऱ्यांचे स्थळ मावळ हेच आहे. पहिलीवरून १९६६ मध्ये चित्रपट निघाला. दुसरीत मुंबईत आयुष्य घालविलेला एक वृद्ध राजमाचीला परततो आणि माचीवरील झाडापाखरांच्या सोबतीत राहतो.

मराठी समीक्षेने या कादंबऱ्या प्रादेशिक या सदरात घातल्या. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आणि व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) यांच्या पंक्तीस त्या बसविल्या गेल्या. हे वर्गीकरण चुकीचे नाही. पण ते कोठून पाहिले असता होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. प्रदेश हा शब्द प्रदेशाबाहेरून उच्चारला जातो. उधेवाडीच्या माणसाला राजमाची हा प्रदेश नाही. ते त्याचे गाव आहे. प्रादेशिक हे विशेषण मूलतः नागर वाचकाला केलेली शिफारस आहे: या पुस्तकात तुम्हांस अपरिचित असा मुलूख, वेगळी बोली आणि अकृत्रिम जीवन भेटेल.

आता असे कल्पावे की ‘माचीवरला बुधा’ एका विक्रेत्याने मुंबईहून लोणावळ्यास आलेल्या पर्यटकाला सुचविली आणि दुसऱ्याने मावळातील तरुणाला. पहिला विक्रेता निसर्गाविषयी बोलेल. श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोडबालेकिल्ले, पावसातली माची, वृद्धाचे मुक्या प्राण्यांशी सख्य, शहराच्या कोलाहलातून सुटका, हे मुद्दे तो पुढे करील. कादंबरीच्या स्वतःच्या रोखाशी ही शिफारस जुळते, आणि ती प्रामाणिकही आहे.

दुसऱ्या विक्रेत्याला वेगळे बोलावे लागेल. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतून पोटासाठी मुंबईस जाणे ही अनेक पिढ्यांची रीत आहे. मुंबईतील डबेवाल्यांपैकी बहुतेक याच मुलखाचे. ज्या घरातला आजा मुंबईस गेला आणि बाप अजून तेथेच आहे, त्या घरातील तरुणाला बुधाच्या परतण्यात सुटकेपेक्षा हिशेब अधिक दिसेल. तो गेला कशासाठी, त्याच्यामागे शेत कोणी केले, परतल्यावर माचीवर एकट्याने जगणे खरोखर शक्य आहे काय, हे प्रश्न त्याला पडतील. कादंबरीचा भर परतण्याच्या आनंदावर असल्यामुळे जाण्याची कारणे तीत मागे राहतात. ही तिची उणीव नागर वाचकाला जाणवत नाही, कारण तो ती शोधत नाही. मावळातील वाचकाला उद्देशून केलेल्या शिफारशीत मात्र ती आपोआप पुढे येते. येथे शिफारशीने पुस्तकाचा एक अर्थ प्रकट केला, आणि हे काम समीक्षेचेच आहे.

‘पवनाकाठचा धोंडी’च्या बाबतीत काळानेच शिफारस बदलली आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी पवना नदीवर धरण झाले आणि तुंग-तिकोन्याच्या पायथ्याची बरीच जमीन पाण्याखाली गेली. ९ ऑगस्ट २०११ रोजी याच धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकऱ्यांनी बऊर येथे आंदोलन केले. तेथील गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. यानंतर त्या खोऱ्यातील वाचकाच्या हाती ही कादंबरी दिली तर ती निव्वळ प्रादेशिक कादंबरी राहत नाही. धरणापूर्वीच्या नदीकाठाचे शब्दांत राहिलेले रूप म्हणून तिचे वाचन होईल. लेखकाने ते योजिले नव्हते, तरी संहितेत ते आहे. त्याकडे बोट दाखविणारा कोणी हवा.

यावरून नव्या पुस्तकाच्या कल्पनेचाही पुनर्विचार करावा लागतो. प्रकाशनाच्या सालावरून पुस्तक नवे ठरविणे प्रकाशकाच्या सोयीचे आहे. वाचनाच्या दृष्टीने, ज्या ठिकाणी पुस्तक अजून योग्य वाचकाला भेटले नाही तेथे ते नवेच असते. चांगला विक्रेता या दोन्ही प्रकारची नवी पुस्तके सुचवितो. मावळाविषयीची पुस्तके मावळातच या दुसऱ्या अर्थाने नवी राहत असतील, तर तो दोष लेखकाचा नाही.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, वाचकाच्या परिचित जीवनाशी पुस्तक जोडणे म्हणजे त्याची अभिरुची त्याच्या तालुक्यातच कोंडून ठेवणे होय. हा धोका खरा आहे. मावळातील वाचकाला केवळ मावळचीच पुस्तके देणारा विक्रेता त्याचा अपमान करतो. परंतु परिचयाचा अर्थ समानता असा नाही. वाचकाचे जीवन ओळखणारा विक्रेताच त्याला दूरच्या पुस्तकाकडे कोणत्या पायवाटेने न्यावे हे जाणतो. बुधाच्या वाचकाला तो उद्या ‘उपरा’ देईल, आणि परवा एखाद्या परभाषेतील स्थलांतराची कथा.

दुसरा आक्षेप व्यापाराचा. ज्याला पुस्तक विकून पैसे मिळवावयाचे आहेत, त्याच्या मताला किती किंमत द्यावी? उत्तर असे की, स्वार्थ उघड असला म्हणजे त्याची वजावट करता येते. परीक्षणाच्या व्यवहारातही स्नेह, वैर आणि परतफेड ही कारणे असतात. ती झाकलेली असल्यामुळे त्यांची वजावट अधिक कठीण जाते. शिवाय स्वतंत्र विक्रेत्याचा स्वार्थ दीर्घकाळाचा आहे. त्याला हेच गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात परत यावयास हवे असते.

अलीकडे ही व्यवस्थाच मोडत चालली आहे. पुण्याच्या लष्कर भागातील मॅनीज हे दुकान २०१२ मध्ये बंद झाले आणि मुंबईचे स्ट्रँड २०१८ च्या फेब्रुवारीत. दूरस्थ खरेदीच्या नव्या साधनांनी लोणावळ्याच्या वाचकाला जगातील कोणतेही पुस्तक घरपोच मिळू लागले, हा लाभ निर्विवाद आहे. ही साधने शिफारसही करतात. पण ती इतरांनी काय विकत घेतले यावरून केलेले गणित असते. त्या गणितात जोखीम नाही, मौन नाही, आणि जे पुस्तक अजून कोणी घेतलेच नाही त्याला स्थान मिळणे कठीण. आधीच खपणारे पुस्तक अधिक खपते आणि मावळातल्या एका वाचकासाठी योग्य ठरले असते ते पुस्तक दिसतच नाही.

मराठी विभागांतील संशोधकांपुढे यातून एक निकडीचे काम उभे राहते. जुन्या दुकानांची सूचिपत्रे, मासिकांतील नव्या पुस्तकांची सदरे, तालुक्याच्या वाचनालयांतील दाखलनोंदवह्या आणि देवघेवीच्या नोंदी ही अभिरुचीच्या इतिहासाची साधने आहेत. त्यांतील पुष्कळशी रद्दीच्या वाटेवर आहेत. लोणावळा, तळेगाव, वडगाव आणि कामशेत या गावांपुरता जरी हा शोध घेतला, तरी दांडेकरांच्या कादंबऱ्या त्यांच्याच मुलखात कोणत्या साली आल्या, किती हातांतून गेल्या आणि केव्हा फळीवर स्थिरावल्या, हे काही अंशी सांगता येईल. जे विक्रेते आणि ग्रंथपाल हयात आहेत, त्यांच्या स्मरणातील शिफारशीही नोंदवून घेतल्या पाहिजेत, कारण त्यांच्या मौनाचा अर्थ दुसरे कोणी सांगू शकणार नाही.